भिंत काढून पोलादी गर्डर : एका स्ट्रक्चरल सल्लागाराच्या सेवेचे परीक्षण

साताऱ्यातील आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर पुढची खोली आणि मागची खोली यांच्यामध्ये नऊ इंची विटांची भिंत होती. ती पूर्ण काढून दोन्ही खोल्यांचा एक मोठा दिवाणखाना करायचा, असे घरात ठरले होते. घर भारवाहक भिंतींचे आहे. त्यात आरसीसीचे खांब नाहीत, त्यामुळे ही भिंत म्हणजे नुसता आडोसा नव्हता. वरच्या मजल्याच्या दोन्ही स्लॅब तिच्यावर टेकलेल्या होत्या. भिंतीच्या जागी पोलादी गर्डर टाकण्यासाठी आम्ही एका स्ट्रक्चरल सल्लागाराची सेवा घेतली आणि त्या सेवेचे हे परीक्षण आहे. मी स्वतः यंत्र अभियंता असल्याने त्यांचा अहवाल आकड्यांसह वाचू शकलो. तेव्हा केवळ 'काम चांगले झाले' एवढे न लिहिता, अशा डिझाइनमध्ये नेमके काय तपासले जाते आणि आपण फी देतो ती कशासाठी, हे सविस्तर मांडावे असे वाटले.

काम घेतलेल्या ठेकेदाराचा पहिला सल्ला असा होता की दोनशेचे दोन गर्डर शेजारी शेजारी टाकावेत, म्हणजे विषय संपला. मिस्त्री लोकांच्या भाषेत दोनशेचा गर्डर म्हणजे २०० मिमी उंचीचा आयएसएमबी २००, म्हणजे भारतीय मानकातला आय आकाराचा गर्डर. गावात अशा पद्धतीने अनेक दुकानांचे दर्शनी भाग मोकळे केले गेले आहेत आणि ते उभे आहेत, असे त्यांनी सांगितले. ते खरेही आहे. मात्र प्रत्येक ठिकाणचा गाळा, म्हणजे दोन टेकूंमधले अंतर, वेगळा असतो, वरचा भार वेगळा असतो, आणि शेजारच्या दुकानावरून आपल्या घराचा गर्डर ठरवता येत नाही.

सल्लागारांनी पहिल्या भेटीत गर्डरच्या मापाविषयी एक शब्दही काढला नाही. त्यांनी आधी सगळी मापे घेतली, मग छताच्या गिलाव्याला दोन ठिकाणी छिन्नी लावून स्लॅबच्या सळ्या उघड्या केल्या आणि मुख्य सळ्या कोणत्या दिशेने गेल्या आहेत ते पाहिले. हा भाग मला या सेवेत सर्वांत मोलाचा वाटला. आमच्या प्रत्येक खोलीचे माप ३.६ मीटर गुणिले ४.२ मीटर आहे. खोली जवळजवळ चौरस असेल आणि स्लॅबमध्ये दोन्ही दिशांना पुरेशी सळई असेल तर तिचा भार चारही भिंतींवर वाटला जातो. आमच्याकडे मात्र मुख्य सळ्या केवळ ३.६ मीटरच्या दिशेने निघाल्या, दुसऱ्या दिशेला पातळ सळ्या लांब लांब अंतरावर होत्या. म्हणजे मधल्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी निम्म्या-निम्म्या खोलीचा पूर्ण भार येत होता. त्याच वेळी आणखी एक गोष्ट उघड झाली. मागची खोली नंतर वाढवलेली असल्याने दोन्ही स्लॅब सलग नव्हत्या. दोघींची टोके त्या नऊ इंची भिंतीवर समोरासमोर येऊन टेकली होती आणि प्रत्येकीच्या वाट्याला भिंतीची निम्मी जाडी, म्हणजे जेमतेम ११५ मिमीची टेकणी आली होती. या एका निरीक्षणाने पुढचे बरेच डिझाइन ठरले. स्लॅब सलग निघाली असती तर मधल्या टेकूवर सुमारे सव्वापट भार धरावा लागला असता. ती तुटक निघाल्याने भार तेवढा वाढला नाही, पण टेकणीचा प्रश्न उभा राहिला. त्याकडे पुढे येतोच.

अहवालातील भारांचा हिशेब साधा आणि स्पष्ट होता. स्लॅब १२५ मिमी जाडीची, तिचे वजन चौरस मीटरला सुमारे ३.१ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचे वजन). त्यावर फरशी आणि खालचा गिलावा मिळून आणखी १ किलोन्यूटन. ही बेरीज ३.६ मीटर रुंदीच्या पट्ट्याने गुणली की गर्डरच्या प्रत्येक मीटरवर सुमारे १४.९ किलोन्यूटन होतात. वरच्या मजल्यावर बरोबर याच रेषेत साडेचार इंची विटांची भिंत आहे. गिलाव्यासह तिचे मीटरमागे ८.४ किलोन्यूटन. गर्डरचे स्वतःचे वजन आणि त्याभोवतीचे प्लॅस्टर यासाठी १ किलोन्यूटन धरले. राहत्या घरातील खोल्यांसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला २ किलोन्यूटन चल भार (माणसे आणि सामान यांचा) सांगितला आहे, त्याचे मीटरमागे ७.२ झाले. वरचे पत्र्याचे छप्पर बाहेरच्या भिंतींवर बसलेल्या कैच्यांवर असल्याने त्याचा भार या रेषेत येत नाही, हेही त्यांनी शिडी लावून वर जाऊन पाहिले, गृहीत धरले नाही. एकूण बेरीज मीटरमागे सुमारे ३१.५ किलोन्यूटन झाली. साडेचार मीटरच्या गाळ्यावर हा भार साडेचौदा टनांच्या आसपास जातो. ज्यांना भिंत काढणे म्हणजे हातोडी मारण्याचे काम वाटते त्यांनी हा आकडा एकदा मनाशी म्हणून पाहावा.

गाळा साडेचार मीटर कसा, तर दोन बाहेरच्या चौदा इंची भिंतींमधले मोकळे अंतर ४.२ मीटर आणि प्रत्येक टोकाला ३०० मिमी टेकणी. टेकणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४.५ मीटर. सध्या पोलादी बांधकामासाठी लागू असलेली संहिता आयएस ८०० ची २००७ सालची आवृत्ती आहे. ती मर्यादा अवस्था पद्धतीवर आधारलेली असल्याने स्थिर आणि चल भार दोन्ही दीडपट करून घेतले जातात. त्यानुसार मीटरमागे ४७.२ किलोन्यूटन, आणि साध्या टेकूंवरच्या तुळईच्या नेहमीच्या सूत्राने मध्यावरचे वाकण घूर्ण, म्हणजे गर्डरला वाकवू पाहणारा परिणाम, सुमारे ११९.५ किलोन्यूटन-मीटर येते. पोलाद २५० मेगापास्कल नमन बलाचे (या ताणापलीकडे ते कायमचे वाकते), त्यावर १.१ चा सुरक्षा गुणक. यावरून लागणारे प्लॅस्टिक छेद गुणांक, म्हणजे छेदाच्या आकारावरून ठरणारे वाकण्याविरुद्धच्या ताकदीचे माप, सुमारे ५२६ घन सेंटिमीटर.

आता स्टील टेबल उघडले की उत्तर दिसू लागते. आयएसएमबी २०० चे प्लॅस्टिक छेद गुणांक सुमारे २५४, २५० चे सुमारे ४६६, आणि ३०० चे सुमारे ६५२ घन सेंटिमीटर. ठेकेदाराने सुचवलेले दोनशेचे दोन गर्डर मिळून ५०८ च्या आसपास जातात, म्हणजे ताकदीत ते थोडक्यात कमी पडतात. हा फरक पाहून कोणी म्हणेल की एवढ्याने काय बिघडते. खरा फरक पुढे आहे. गर्डर तुटत नाही, पण झुकतो. पूर्ण भाराखाली ३०० चा एक गर्डर मध्यावर ९.८ मिमी झुकतो आणि दोनशेचे दोन मिळून १८.८ मिमी झुकतात. वर विटांची भिंत आणि गिलावा यांसारखे तडकणारे काम असेल तर संहितेत गाळ्याच्या ३६० व्या भागाची मर्यादा आहे, म्हणजे आमच्या गाळ्यासाठी १२.५ मिमी. ती मर्यादा संहितेत चल भारासाठी आहे. सल्लागारांनी मात्र वर जुनी भिंत उभी असल्याने संपूर्ण भाराला ती लावली, आणि मला तो निर्णय योग्य वाटला. दोनशेच्या दोन गर्डरांवर वरच्या मजल्याची भिंत उभी राहिली असती, पण तिच्यात कोपऱ्यापासून तिरक्या चिरा गेल्याशिवाय राहिल्या नसत्या.

वजनाची तुलनाही पाहण्यासारखी आहे. दोनशेच्या दोन गर्डरांचे मीटरमागे सुमारे ५० किलो होतात, ३०० च्या एका गर्डरचे सुमारे ४४ किलो. कमी पोलादात जास्त ताठरपणा मिळतो, कारण पोलाद मध्यरेषेपासून जितके दूर तितके ते वाकण्याला अधिक विरोध करते. याची किंमत म्हणजे खोलीची उंची. गर्डर स्लॅबच्या खाली बसत असल्याने ३०० मिमी आणि प्लॅस्टर एवढे छत त्या रेषेत खाली येते. आमच्या आईला हे सुरुवातीला अजिबात रुचले नव्हते. सल्लागारांनी तिला भिंतीवर खडूने रेघ ओढून गर्डरचा तळ कुठे येईल ते दाखवले आणि म्हणाले, "काकू, शंभर मिमी वाचवायला गेलो तर वरच्या खोलीचा गिलावा दर वर्षी करावा लागेल." त्यानंतर घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

येथवरचे काम कोणताही नीट शिकलेला अभियंता अर्ध्या दिवसात करू शकतो, आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या तक्त्यांतही ते होते. ज्या भागासाठी मी या सेवेला मनापासून दाद देतो तो भाग पुढचा आहे: आडवे वळणे.

आय आकाराचा गर्डर उभ्या दिशेने बळकट आणि आडव्या दिशेने अशक्त असतो. वरची फ्लँज, म्हणजे आय अक्षराची वरची आडवी पट्टी, दाबाखाली असते आणि तिला बाजूने कोणी धरलेले नसेल तर ती एका बाजूला सरकते, सोबत सगळा गर्डर पिळवटतो आणि पूर्ण ताकद वापरात येण्याआधीच तो निकामी होतो. अहवालात या तपासणीची तीन उत्तरे शेजारी शेजारी दिली होती. वरची फ्लँज सलग धरलेली असेल तर ३०० च्या गर्डरची क्षमता सुमारे १४८ किलोन्यूटन-मीटर. साडेचार मीटरमध्ये कुठेच धरलेली नसेल तर तीच क्षमता सुमारे ७३ वर येते, म्हणजे निम्म्याहूनही कमी, आणि आमची गरज ११९.५ ची. दर दीड मीटरवर धरलेली असेल तर सुमारे १३५. मला हे तीन आकडे पाहून आश्चर्य वाटले, कारण गर्डर तोच, पोलाद तेच, गाळा तोच. फक्त तो स्लॅबशी कसा जोडला यावर घर सुरक्षित की असुरक्षित हे ठरत होते.

नव्या बांधकामात स्लॅब गर्डरवरच ओतली जाते, त्यामुळे फ्लँज आपोआप धरली जाते आणि बहुतेक जण ही तपासणी सोडून देतात. जुन्या स्लॅबखाली गर्डर नंतर सरकवला की दोघांमध्ये फट राहते. ती साध्या वाळू-सिमेंटने भरली तर माल आकसतो आणि काही महिन्यांत पुन्हा केसाएवढी फट पडते. मग स्लॅब गर्डरला धरून ठेवते हे कागदावरचेच राहते. सल्लागारांनी त्यावर भरवसा ठेवला नाही. त्यांनी फट न आकसणाऱ्या ग्राउटने (पातळ भरण मालाने) भरायला सांगितली, आणि शिवाय गाळ्याच्या तिसऱ्या भागांवर, म्हणजे टोकापासून दीड-दीड मीटरवर, गर्डरच्या दोन्ही बाजूंना अँगलचे तुकडे वेल्ड करून ते केमिकल अँकरने (रसायनाने पक्क्या बसवलेल्या बोल्टने) वरच्या स्लॅबला बसवायला लावले. हिशेब १३५ चा धरला. ग्राउटमुळे मिळणारी जास्तीची क्षमता राखीव ठेवली.

आता टेकणीचा प्रश्न. भिंतीवर प्रत्येक स्लॅबला ११५ मिमी जागा होती, पण ३०० च्या गर्डरची फ्लँज १४० मिमी रुंद, म्हणजे प्रत्येक स्लॅबच्या वाट्याला फक्त ७० मिमी आणि तीही जुन्या, कडेला खपल्या निघालेल्या काँक्रीटची. ठेकेदाराच्या दोन गर्डरांच्या सूचनेत एवढा भाग बरोबर होता की दोन फ्लँजा मिळून टेकणी रुंद झाली असती. सल्लागारांनी वरच्या फ्लँजवर २३० मिमी रुंद आणि १० मिमी जाड पोलादी पट्टी वेल्ड करायला सांगून हा प्रश्न सोडवला. पट्टी धरली तर एकूण पोलाद दोन गर्डरांपेक्षा जास्त लागते हे मान्य करावे लागेल. ताकदीच्या हिशेबात त्यांनी ती धरलेली नाही. तिचे काम फक्त स्लॅबला जुन्या भिंतीएवढीच जागा देण्याचे आहे.

कातरबल (गर्डरला उभे कापू पाहणारे बल), वेबचे (आय अक्षराच्या मधल्या उभ्या पट्टीचे) दबणे, फ्लँजची जाडी-रुंदी या तपासण्या अहवालात पानभर आहेत आणि सगळ्या सहज उत्तीर्ण होतात. प्रत्येक टोकाला गुणक लावून १०६ किलोन्यूटन कातरबल येते आणि वेबची क्षमता २९५ आहे. रोल केलेल्या लहान गर्डरमध्ये या गोष्टी क्वचितच निर्णायक ठरतात.

टोके मात्र निर्णायक ठरतात. भिंत असताना जो भार ४.२ मीटर लांबीवर पसरून पायात जात होता तो आता दोन ठिपक्यांवर येणार होता, प्रत्येकी सुमारे ७१ किलोन्यूटन. गर्डरची १४० मिमी फ्लँज ३०० मिमी टेकणीवर सरळ विटांवर ठेवली तर चौरस मिलिमीटरला १.७ न्यूटन दाब येतो. जुन्या विटा आणि त्यांच्यामधला भुसभुशीत झालेला माल हा दाब सोसू शकत नाही, वीट भरडली जाते आणि गर्डर टोकाला खचतो. म्हणून प्रत्येक टोकाखाली ६०० मिमी लांब, ३०० मिमी रुंद आणि ३०० मिमी उंच आरसीसीचा बेड ब्लॉक आणि त्यावर पोलादी बेड प्लेट दिली. त्यामुळे विटांवरचा दाब ०.४ न्यूटनवर आला. त्यानंतर त्यांनी गर्डर टेकणार होता त्या भिंतीच्या पायाशी खड्डा घ्यायला लावला, दगडी पाया कडक मुरमावर बसला आहे हे स्वतः उतरून पाहिले आणि मगच नकाशावर सही केली. ज्या ठिकाणी पाया काळ्या मातीत असेल तेथे हीच तपासणी सगळे डिझाइन फिरवू शकते.

घरातल्यांची आणखी एक इच्छा होती की स्वयंपाकघराची आडवी भिंतही जाता जाता काढून टाकावी. सल्लागारांनी याला स्पष्ट नकार दिला. भारवाहक भिंतींच्या घरात आडव्या भिंती भूकंपाच्या वेळी घराला बाजूच्या धक्क्याविरुद्ध धरून ठेवतात. एक काढली तर उरलेल्यांवर ताण वाढतो, दोन काढल्या तर घर एका दिशेने उघडे पडते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाचा अनुभव घेतलेल्या जिल्ह्यात हे समजावण्यासाठी फार बोलावे लागत नाही, माझ्या वडिलांनी तर लगेच मान डोलावली. जास्तीचे काम मिळत असताना नाही म्हणणारा सल्लागार भेटणे ही मी या सेवेची मोठी जमेची बाजू मानतो.

प्रत्यक्ष कामातला एक प्रसंग येथे सांगतो, कारण डिझाइन कागदावरून भिंतीत कसे उतरते ते त्यातून कळते. गर्डर बसवून स्लॅबखालचे तात्पुरते टेकू काढले की तो झुकणार, हे हिशेबात होतेच. त्यातला केवळ स्थिर भाराचा वाटा साडेसात मिमीचा होता. टेकू काढताच स्लॅब आणि वरची भिंत तेवढी खाली आली तर चिरा पडणार. म्हणून त्यांनी गर्डर आणि स्लॅब यांच्यामध्ये पोलादी पाचरा ठेवून, टेकू तसेच ठेवून, त्या पाचरा मध्यापासून टोकांकडे थोड्या थोड्या ठोकायला लावल्या. गर्डरच्या खाली दोन टोकांमध्ये दोरी ताणली होती आणि मध्यावर मोजपट्टी धरून मिस्त्री माप सांगत होते. पाचर ठोकली की गर्डर दबत होता, स्लॅब जागेवरच होती. दोरीपाशी पाच मिमी झाल्यावर सल्लागारांनी हात वर केला आणि तेथेच ग्राउट भरायला सांगितले. ग्राउट पक्का झाल्यावर टेकूंचे लोखंडी जॅक एकेक करून सैल केले, तेव्हा गर्डर आणखी दोन मिमीच्या आसपास खाली गेला. वरच्या खोलीच्या भिंतीवर आम्ही आधीच पेन्सिलीने खुणा केलेल्या जुन्या केसचिरा होत्या. त्यांतली एकही पुढे सरकली नाही, नवी पडली नाही.

पोलाद घेतानाही त्यांची सूचना उपयोगी पडली. बाजारात पुन्हा रोल केलेले, जाडीने कमी असलेले गर्डर सर्रास त्याच नावाने विकले जातात. गर्डरच्या वेबवर उत्पादकाचे नाव उठावाने असले पाहिजे, पोलाद कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र मागितले पाहिजे आणि माल काट्यावर वजन करूनच घेतला पाहिजे, असे त्यांनी लिहून दिले होते. ४.८ मीटर लांबीच्या ३०० च्या गर्डरचे वजन २१० किलोच्या आसपास भरले पाहिजे, फारच कमी भरले तर गाडी परत पाठवा, एवढे साधे वाक्य. आम्ही पाहिलेल्या पहिल्या दुकानातला माल या कसोटीवर टिकला नाही, दुसऱ्या ठिकाणचा टिकला. नुसत्या डोळ्यांना दोन्ही गर्डर सारखेच दिसत होते.

आता उणिवा. पहिली आणि माझ्या मते गंभीर उणीव म्हणजे बसवण्याच्या क्रमाचा नकाशा वेळेवर मिळाला नाही. दोन भिंतींमधले मोकळे अंतर ४.२ मीटर आणि गर्डर ४.८ मीटर लांब. तो आत न्यायचा कसा, हा प्रश्न मूळ नकाशांत कोठेच सोडवलेला नव्हता. बेड ब्लॉक ओतून झाले, गर्डर दारात येऊन पडला आणि मग काम खोळंबले. विचारल्यावर त्यांनी रस्त्याकडच्या भिंतीत, बेड ब्लॉकच्या वर, गर्डर आरपार जाईल एवढे भोक पाडून तो बाहेरून सरकवण्याचा आणि नंतर ते भोक विटांनी बंद करण्याचा क्रम रेखाटून दिला, आणि तो उत्तम होता. पण तो पहिल्याच दिवशी इतर नकाशांसोबत यायला हवा होता. टेकू कोठे लावायचे याचा नकाशाही मागितल्यावरच आला. तात्पुरते टेकू ही ठेकेदाराची बाब आहे असा अनेकांचा समज असतो. भिंत काढण्याच्या कामात सर्वांत धोक्याचे तास तेच असल्याने मी हा समज चुकीचा मानतो.

दुसरी उणीव अहवालाच्या भाषेची. संगणकाने छापलेली पाने संपूर्ण इंग्रजीत होती आणि त्यांत मिस्त्रींना उपयोगी पडेल असे काही नव्हते. सल्लागार जागेवर सगळे मराठीत, उत्तम समजावून सांगत, परंतु ते नसताना वेल्डरच्या हातात काय द्यायचे? वेल्डची लांबी आणि जाडी, अँकरचा व्यास आणि खोली, ग्राउट किती दिवस भिजवायचा, एवढे एका पानावर मराठीत लिहून भिंतीला चिकटवता आले असते. ते पान शेवटी मी लिहिले आणि त्यांनी तपासून दिले.

तिसरी बाब गंज आणि आग यांविषयी. अहवालात केवळ प्राइमर लावावा असे लिहिले होते. साताऱ्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीत गाडलेले टोक हीच गंजाची पहिली जागा असते, त्यामुळे तेथे किती हात आणि कोणता रंग हे स्पष्ट हवे होते. आगीच्या बाबतीतही पोलाद साधारण ५५० ते ६०० अंश सेल्सियसला आपली ताकद निम्म्याच्या आसपास गमावते, म्हणून उघडा गर्डर शोभेला कितीही आवडला तरी राहत्या घरात तो जाळी मारून जाड प्लॅस्टरने झाकणे बरे. विचारल्यावर त्यांनी हेच सांगितले, न विचारता नाही.

फीविषयी लिहायचे तर ती गर्डर, पट्टी आणि प्लेटा मिळून झालेल्या पोलादाच्या खर्चाच्या जवळपास होती. तीत जागेवरच्या भेटी, अहवाल, नकाशे, पाचर ठोकण्याच्या आणि टेकू काढण्याच्या वेळची उपस्थिती, तसेच नगरपालिकेकडे परवानगीसाठी लागणारे स्थैर्याचे प्रमाणपत्र हे सर्व आले. ठेकेदाराने हाच आकडा ऐकून 'एवढ्यात आणखी एक गर्डर येईल' असे म्हटले होते. आणखी एक गर्डर आला असता, पण त्याने आडवे वळण, भरडणारी वीट आणि ७० मिमीची टेकणी यांतले काहीच सुटले नसते. केवळ मापापुरते उत्तर देणारे कमी फीचे पर्याय आम्हाला मिळत होते. फोनवर खोलीची मापे ऐकून गर्डरचा आकडा सांगणारे एक जण भेटले, त्यांनी वर काय आहे हेही विचारले नाही.

जे वाचक असे काम करवून घेणार आहेत त्यांनी सल्लागार ठरवण्याआधीच चार गोष्टी लेखी मागाव्यात असे मी सुचवतो: स्लॅबच्या सळ्यांची दिशा उघडून पाहणे, वरची फ्लँज कशी धरली जाणार याचे रेखाटन, टोकांखालच्या दाबाचा हिशेब, आणि टेकू लावण्यापासून काढण्यापर्यंतचा क्रम. आमच्या सल्लागारांनी पहिल्या तिन्ही न मागता दिल्या, चौथी मागून घ्यावी लागली. १९८४ च्या जुन्या संहितेच्या पद्धतीने त्यांनी वहीच्या मागच्या पानावर केलेली उलटतपासणीही मी मागून घेतली आहे. तीत चौरस मिलिमीटरला १६५ न्यूटन अनुज्ञेय ताण धरून लागणारे छेद गुणांक (प्लॅस्टिक नव्हे, स्थितिस्थापक) ४८३ घन सेंटिमीटर येते, २५० चा गर्डर ४१० ला अडतो आणि ३०० चा ५७४ वर बसतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच गर्डरवर पोहोचलेला तो कागद घराच्या मूळ नकाशासोबत फाइलमध्ये लावला आहे, कारण उद्या वरच्या मजल्यावर पत्रे काढून स्लॅब टाकायचा विचार निघाला तर नव्या अभियंत्याला या गर्डरमध्ये किती राखीव ताकद आहे हे त्यावरूनच कळेल. ती फार नाही. दर दीड मीटरवर धरलेल्या अवस्थेत क्षमतेच्या ८८ टक्के आधीच वापरले गेले आहेत, आणि सल्लागारांनी प्रमाणपत्रावर तसे स्पष्ट लिहूनही दिले आहे.